मदत हवी आहे: थोर ड्रमरांचे सोलो उतरवले, पण स्वतःच्या सोलोत वाक्यं बनत नाहीत

अर्धीमात्रा

नमस्कार मंडळी. जॅझमधल्या चार-चार बारच्या ट्रेडिंगपाशी (बाकीचे वादक आणि ड्रमर आळीपाळीने चार-चार बार, म्हणजे मात्रांची आवर्तनं, वाजवतात) गाडी अडली आहे. लय मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास, स्विंग (मात्रेचा पहिला अर्धा लांब, दुसरा आखूड). सिंगल, डबल, पॅराडिडल, फ्लॅम (मुख्य ठोक्याला चिकटून आधी हलका ठोका) हे रुडिमेंट, म्हणजे हातांचे मूलभूत नमुने, या लयीत स्वच्छ वाजतात. मॅक्स रोच आणि फिली जो जोन्स यांचे काही सोलो नोटेशनमध्ये उतरवलेत आणि ते जसेच्या तसे वाजवताही येतात. पण स्वतःचे चार बार आले की रुडिमेंटची जंत्री सुरू होते: दोन बार पॅराडिडल, एक बार ट्रिपलेट (तीन-तीन सारख्या अंतराचे ठोके), शेवटी टॉम ड्रमवरून खाली येणारा रोल. कुठे थांबा नाही, कुठे काही म्हटलंय असं वाटत नाही.

उतरवलेल्या सोलोमधून फ्रेजिंग, म्हणजे वाक्यं बांधणं, नेमकं कसं शिकायचं? आणखी सोलो उतरवायचे की आहेत त्यांच्यावरच काही वेगळं काम करायचं?

रिमशॉट

आणखी उतरवू नका. आहेत त्यातलेच चार बार घ्या आणि या वेळी कागदावर तीनच गोष्टी लिहा: वाक्य कितव्या मात्रेवर सुरू होतं, त्याचा शेवटचा ठोका कुठे पडतो, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत किती मात्रा रिकाम्या जातात. मग स्वतःच्या एका रेकॉर्डिंगचं हेच टिपण करा. बहुतेक तुमचं प्रत्येक वाक्य १ वर सुरू होत असेल आणि चौथी मात्रा पूर्ण भरेपर्यंत चालत असेल. बीबॉप या जॅझशैलीच्या सुरावटी पुष्कळदा २ किंवा ४ नंतरच्या अर्ध्या मात्रेवर तुटतात, आणि त्या सुरावटींबरोबर वाढलेले ड्रमर आपली वाक्यंही तिथेच तोडतात. नोटेशन वाचून वाजवताना हे लक्षात येत नाही, कारण डोळे ठोक्यांवर असतात, रिकाम्या जागांवर नसतात.

अभ्यासाला रोचचा 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' घ्या. १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या अल्बममध्ये निव्वळ ड्रमवरचे तीन तुकडे आहेत, त्यातला हा एक. ताल ३/४. पाय सबंध वेळ एकच घडी धरून असतात: १ वर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), २ आणि ३ वर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी). पाय चालू असल्यामुळे हात थांबले तरी पोकळी वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला थांबणं परवडतं. आधी फक्त पाय इतके बसवा की वर बोलता आलं पाहिजे. मग दोन बार हात, दोन बार नुसते पाय. दुसऱ्या फेरीत तेच दोन बार, पण एकच बदल करून: शेवटचा ठोका टॉमवर न्या, किंवा अर्धी मात्रा पुढे सरकवा, किंवा गाळा. एका वेळी एकच बदल. दोन बदल केले की ऐकणाऱ्याला ते नवीन वाक्य वाटतं आणि आधीच्याशी असलेला धागा तुटतो.

हेच ४/४ मध्ये आणताना पहिल्या बारमध्ये पाच-सहा ठोक्यांचं छोटं वाक्य मांडा. दुसऱ्या बारमध्ये तेच वाक्य दुसऱ्या ड्रमवर. तिसऱ्यात त्याचा पहिला अर्धा भाग दोनदा. चौथ्यात आखूड उत्तर. हा साचा आहे हे मान्य, पण महिनाभर तरी साच्यातच वाजवा. तुमची अडचण कल्पनांच्या तुटवड्याची नाही, गर्दीची आहे.

मंद्र

रिमशॉट यांच्याशी सहमत. भर घालतो ती 'तोंडाने म्हणा' याची. चार बार रेकॉर्डिंगबरोबर म्हणता आले पाहिजेत, टाळी २ आणि ४ वर ठेवून. १४० च्या लयीत चार बार म्हणजे जेमतेम ७ सेकंद. एवढंही म्हणता येत नसेल तर ते वाक्य हातांना पाठ झालंय, कानाला नाही. असं वाक्य ऐन सोलोत जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यात फेरफार करता येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी मूळ लयीत ऐकून म्हणा. मग सगळं एकट्या स्नेअरवर वाजवा, ॲक्सेंटसकट (जोर दिलेल्या ठोक्यांसकट), हाय-हॅट पायाने २ आणि ४ वर. त्यानंतर मूळ ड्रमरने कोणता ठोका कुठल्या ड्रमवर टाकलाय ते बसवा. स्टिकिंग, म्हणजे कोणता ठोका कोणत्या हाताने, सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि कोणता हात कुठे यातच अडकतात. नुसत्या आवाजावरून स्टिकिंग खात्रीने कळत नाही. दोन पर्याय वाजवून बघा. ज्यात ॲक्सेंट आपोआप योग्य जागी पडतो आणि पुढच्या ड्रमवर जाताना हात आडवे येत नाहीत, तो ठेवा.

सॉफ्टवेअरने वेग कमी करून ऐकत असाल तर ७० टक्क्यांच्या फार खाली जाऊ नका. त्याखाली ठोक्याची धार पसरते, घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) शेजारच्या ठोक्यात विरघळतात, प्रेस रोल (काठी दाबून काढलेला) आणि डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके) यांतला फरक ओळखता येत नाही आणि फ्लॅम दोन सुटे ठोके वाटू लागतात. शिवाय स्विंगची वाटणी लयीप्रमाणे बदलते. संथ लयीत ती ट्रिपलेटकडे झुकते, जलद लयीत जवळजवळ सरळ होते. जलद सोलो संथ करून ट्रिपलेटमध्ये घोटला तर मूळ लयीला परत नेल्यावर तो लंगडतो.

अर्धीमात्रा

दोघांचेही आभार. टिपण करून पाहिलं: वाक्यं खरंच १ वरच सुरू होताहेत. १ सोडून दुसरीकडे सुरू करायला जातो, विशेषतः तीन-तीनचे गट वाजवायला, तर बारचा हिशोब सुटतो. मग बाकीचे लोक आत येतात तेव्हा मी अर्धी मात्रा मागे किंवा पुढे असतो. ड्रमर एल्व्हिन जोन्ससारखी बारची रेघ ओलांडणारी वाक्यं हवी असतील तर १ धरून कसा ठेवायचा?

फॅन्टमफ्लॅम

एल्व्हिनकडे एकदम जाऊ नका. त्याचे ट्रिपलेट हात आणि किक यांत विभागलेले असतात आणि ॲक्सेंट सतत सरकत असतो. तिथे १ शोधणं कसलेल्या कानालाही जड जातं. आधी साधा हिशोब पक्का करा.

४/४ च्या एका बारमध्ये ८ अर्ध्या मात्रा. तीन-तीनचे गट १ पासून सुरू केले तर पहिल्या बारमध्ये गटाची सुरुवात १ वर, २ नंतरच्या अर्ध्यावर आणि ४ वर येते. दुसऱ्या बारमध्ये १ नंतरच्या अर्ध्यावर, ३ वर आणि ४ नंतरच्या अर्ध्यावर. तिसऱ्यात २ वर आणि ३ नंतरच्या अर्ध्यावर. एकूण २४ अर्ध्या मात्रांत ८ गट होतात आणि चौथ्या बारच्या १ वर गट आणि बार पुन्हा एकत्र येतात. म्हणजे चार बारच्या ट्रेडिंगमध्ये तीन बार गटांना आणि चौथा उत्तराला, हा हिशोब आयताच मिळतो. या सगळ्या जागा पाठ असू द्या. दुसऱ्या बारच्या ३ वर गट सुरू होतो हे माहीत असलं की मधल्या मध्ये एक तपासणीची जागा मिळते.

बार मोठ्याने मोजा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. हाय-हॅटचा पाय २ आणि ४ वरून हलता कामा नये. घोळ जवळजवळ नेहमी इथेच होतो: हात तीनच्या गटात गेले की पायही ॲक्सेंटच्या मागे जातो, आणि पाय गेला की १ गेला. म्हणून सुरुवातीला गट फक्त स्नेअरवर, लय ९० ला. टॉम नंतर. मेट्रोनोम आधी २ आणि ४ वर वाजेल असा ठेवा, म्हणजे १४० च्या लयीसाठी ७०. ते जमलं की बारमागे एकच टिक, म्हणजे ३५.

तबल्याची तिहाई माहीत असेल तर इथे ती कामाला येईल. पाच अर्ध्या मात्रांचं वाक्य, मध्ये एक अर्धी मात्रा रिकामी, असं तीनदा: ५+१+५+१+५ म्हणजे १७. तिसऱ्या बारच्या १ वर सुरू केलंत तर शेवटचा ठोका पाचव्या बारच्या, म्हणजे समोरच्याच्या १ वर पडतो. त्याला आधी कल्पना द्या, नाहीतर दोघं एकमेकांवर आदळाल. आणि एका गाण्यात एकदाच.

फ्लोअरटॉम

वरचं सगळं पटलं, पण जॅझच्या ट्रेडिंगपुरतंच ऐकू नका. १९५९ च्या 'टेक फाइव्ह'मध्ये ड्रमर जो मोरेलोच्या सोलोखाली डेव्ह ब्रुबेकचा पियानो ५/४ चा तोच ठेका धरून बसतो. रोचने पायांवर जे काम सोपवलंय ते इथे पियानोकडे आहे. मोरेलो सुरुवातीला इतके कमी ठोके टाकतो की प्रत्येक ठोक्याचा आवाज विरेपर्यंत ऐकू येतो. पियानोचा ठेका लूपवर लावून त्यावर बारमागे जास्तीत जास्त तीन ठोके, एवढाच नियम ठेवून वाजवा. मोठं कठीण जातं.

लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम याचा १९६९ चा 'मोबी डिक' ऐकताना हात-हात-किक या ट्रिपलेटकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. तो घोटावाच, पण तीनही ठोके सारख्या जोराचे राहिले तर त्याची नुसती घरघर होते. दर वेळी पहिल्याच हातावर ॲक्सेंट देऊन तो ड्रम बदला, दुसरा हात स्नेअरवर हलका ठेवा आणि किकच्या बीटरने स्कीन दाबून धरू नका. दाबून धरला तर किकचा आवाज आखडतो आणि त्या जागी भोक ऐकू येतं.

अर्धीमात्रा

तीनच्या गटांचा हिशोब आता स्पष्ट झाला. शेवटचं विचारतो: चौथ्या बारमध्ये नेमकं कुठे थांबायचं? टॉमवरचा रोल काढला तर शेवट उघडा पडल्यासारखा वाटतो.

रिमशॉट

३ नंतरच्या अर्ध्या मात्रेवर शेवटचा ठोका, किक आणि क्रॅश एकत्र, आणि पुढे पायाने ४ वर हाय-हॅट. समोरच्याला श्वास घ्यायला ती एक मात्रा पुरते आणि हाय-हॅटमुळे त्याला १ दिसतो. रोल हवाच असेल तर तिसऱ्या बारमध्ये हलवा आणि तिथे हलक्या आवाजात वाजवा. क्रॅशवर स्टिकच्या टोकाऐवजी खांदा लागू द्या, आणि ४ वाजण्याआधी हाताने झांज पकडून आवाज बंद करा. तुमच्या १४० च्या लयीत तेवढा वेळ मिळतो.