मदत हवी आहे : इंजिन तापल्यावर जुन्या ओम्नीचा सेल्फ (स्टार्टर मोटर) लागत नाही आणि दिवे लावताच तापमानाचा काटा चढतो

नमस्कार. आमची मारुती ओम्नी 2009 सालची आहे. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी इंजेक्शन प्रणाली), गॅस किट कधीच बसवलेले नाही. पंधरा वर्षे झाल्यावर नाशिकच्या आरटीओत तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हा बॉडी आणि ब्रेकचे काम करून घेतले होते. गाडी आमच्या रोपवाटिकेसाठी वापरली जाते. मागची आसने काढून तिथे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे लावतो आणि गिरणारे, वाघेरा, हरसूल या बाजूच्या शेतकऱ्यांना बांधावर रोपे पोहोचवतो. लागवडीच्या हंगामात, म्हणजे जून-जुलैत, गाडी दर दोन-चार किलोमीटरवर थांबवून इंजिन बंद करावे लागते, ट्रे उतरतात आणि पुन्हा निघावे लागते. नेमका इथेच सगळा घोळ आहे.

सकाळी इंजिन थंड असताना पहिल्याच सेल्फला गाडी चालू होते. वाघेरा घाट चढून वर थांबलो आणि दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, की सेल्फ फक्त एक-दोनदा टक् करतो आणि इंजिन हलतही नाही. अर्धा-पाऊण तास थांबले की तीच गाडी काही झालेच नाही अशी चालू होते. त्या वेळात बंद गाडीतली कोवळी रोपे मान टाकतात आणि शेतकऱ्याने लावलेले मजूर बसून राहतात, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ गैरसोयीचा नाही. माझ्या मते या प्रसंगातली एक गोष्ट महत्त्वाची आहे : सेल्फ टक् करतो तेव्हा पुढचे दिवे जवळजवळ मंद होत नाहीत. बॅटरी उतरलेली असती तर ते विझल्यासारखे झाले असते, असे मला वाटते.

दुसरी तक्रार अशी, की रात्री इंजिन आयडलला (नुसते संथ चालू) असताना दिवे पिवळट पडतात आणि अॅक्सिलरेटर दिला की उजळतात. मल्टीमीटर लावून पाहिले. इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी ठेवल्यावर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू आणि दिवे बंद असताना 13.9, पण आयडलला दिवे आणि वायपर लावले की 12.7 पर्यंत खाली येते. अल्टरनेटरचा पट्टा नवा आहे आणि ताण व्यवस्थित आहे.

तिसरी तक्रार तापमानाच्या काट्याची. दिवसा काटा मध्याच्या थोडा खाली स्थिर असतो. दिव्यांचे बटण दाबताक्षणी तो बोटभर वर चढतो आणि बटण बंद केले की तितक्याच झटकन खाली येतो. पाणी एका क्षणात तापत नाही आणि निवतही नाही, त्यामुळे इंजिन खरोखर तापते आहे यावर माझा विश्वास बसत नाही. कूलंट कमी होत नाही, पंखा वेळेवर लागतो.

एका गॅरेजमध्ये सेल्फ बदलायला सांगितले, दुसरीकडे थर्मोस्टॅट, आणि तिसऱ्या ठिकाणी सगळे वायरिंग उतरवून नवे टाकण्याचा सल्ला मिळाला. सेल्फचे बुश आणि कार्बन नवे टाकले, तरी फरक पडला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीला खर्च येणारच, त्याची तक्रार नाही. पण दोष कुठे आहे हे ठरण्याआधी एकामागून एक भाग बदलत जाणे मला पटत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते का, आणि तसे असल्यास ते घरच्या मल्टीमीटरने कसे शोधावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. संबंध नसेलही, पण नोंद असावी म्हणून लिहिते : क्लचची केबल अलीकडे जड झाली आहे आणि एका ठिकाणी तिचे प्लास्टिकचे आवरण वितळल्यासारखे मऊ झाले आहे.

प्रतिसाद :

ताई, आपण शेवटी नोंद म्हणून लिहिलेले वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. सेल्फ काही क्षण शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो आणि तो प्रवाह इंजिनाच्या धातूतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जातो. हा परतीचा मार्ग, म्हणजे इंजिनाची अर्थची (अर्थिंगची) पट्टी, गंजली असेल तर प्रवाह मिळेल त्या वाटेने जातो, आणि क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबल इंजिन आणि बॉडी या दोहोंना जोडलेल्या असल्याने त्यांतूनही वाहतो. केबल त्यामुळेच तापते आणि आवरण मऊ पडते.

काट्याचाही उलगडा यातच आहे. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या धातूवरच अर्थ झालेला असतो. दिवे लावले की त्यांचा प्रवाह बॉडीतून अल्टरनेटरकडे परतताना खराब पट्टीवर अडतो, इंजिनाचा विद्युतदाब बॉडीपेक्षा खाली जातो, सेन्सरमधून जास्त प्रवाह जातो आणि काटा वर चढतो. दिवे मंदावण्याचे कारणही बहुधा हेच निघेल.

मात्र मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढावा. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवरच धरावे, तिच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर अर्थ निर्दोष आहे. त्यापेक्षा बराच वर गेला तर दोष त्याच वाटेत आहे. धन बाजूही अशीच, बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टपर्यंत मोजावी. हे सगळे इंजिन गरम असताना, सेल्फ लागत नसतानाच करावे, कारण थंड इंजिनावर दोष लपून राहतो. नंतर खात्रीसाठी जंपर केबलने बॅटरीचे ऋण टोक थेट इंजिनाच्या ब्लॉकला जोडून पाहावे. केबल पट्ट्यापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर ठेवावी. तसे करून गरम इंजिन फिरले, तर वायरिंग उतरवण्याचे कारण उरत नाही. पट्टी बॉडीवरून इंजिनाकडे गेली आहे की थेट गिअरबॉक्सला, हे हाताने माग काढून पाहा.

धागाकर्तीचे उत्तर :

मनापासून आभार. गिरणाऱ्याहून परतल्यावर इंजिन गरम असतानाच मोजले. सेल्फ टक् करत असताना ऋण खुंटी आणि ब्लॉक यांच्यात 7 व्होल्टच्या आसपास आकडा आला, धन बाजूला मात्र 0.3. जंपर केबल लावताच इंजिन पहिल्या फटक्यात फिरले. पुढची आसने उचलून आणि गाडी स्टँडवर घेऊन पट्टी शोधली. वरून ती धडधाकट दिसत होती, पण लगजवळचे (टोकाच्या धातूच्या कडीजवळचे) काळे आवरण चिरल्यावर आतल्या तांब्याची हिरवी भुकटी हातात आली आणि बोल्टखाली रंग व गंज यांचा जाड थर होता. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली आणि तात्पुरती एक जाड तार बसवली आहे. आता दिवे लावले तरी काटा हलत नाही आणि आयडलला दिवे व वायपर चालू असताना बॅटरी 13.5 व्होल्ट दाखवते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. कायमची पट्टी म्हणून तयार विणलेली तांब्याची पट्टी घ्यावी, की वेल्डिंगची केबल कापून दोन्ही टोकांना लग दाबून घ्यावेत? हरसूलकडे पावसाळाभर चिखल उडतो, म्हणून विचारते. आणि क्लचची केबल आत्ताच बदलावी, की ती आतून पोळली आहे का हे आधी तपासण्याचा काही मार्ग आहे?