अकोला ते शेगाव पयत (पळत) जायचं हाय, रस्त्याचं सांगा

तुरीतला_पोट्टा:
राम राम मंडळी. मी मूर्तिजापूर तालुक्यातला. पोलीस भरतीच्या तयारीपायी रोज पयतो, दहा-बारा किलोमीटरचा दम हाय. यंदा गजानन महाराजाच्या प्रकटदिनाच्या आधी अकोल्याहून शेगावले पयत जायचं मनात हाय. महाराजाची पालखी शेगावहून ज्या वाटेनं अकोल्याले येते तीच वाट उलटी धरतो म्हणतो : गायगाव, पारस, नागझरी. अंतर ४०-४५ च्या मधात. पाण्याचं, खाण्याचं कसं करावं? कोणी गेलं असन तर सांगजा.

माळकरी_काका:
पालखीले एवढ्याच वाटेत पारसले मुक्काम, भौरदले मुक्काम लागते, मंग अकोला. तिच्यासंगच्या लोकाईले पयता येत नाही म्हणून का बाप्पा? नाव घेत चालायची वाट हाय ते. शर्यत लावाची असन तर मैदानं कमी हायेत का?

धुऱ्यावरचा:
काकांचं खोटं नाही, पण पोराला जाऊ द्या. मी गायगावच्या बाजूचा शेतकरी, माघात तूर घरात आली की याच रस्त्यानं पळत जातो. दम तुम्हाला आहेच, तो जमेत धरा. ही वाट अडवते ती पाण्यानं, प्रसादानं आणि शेवटी दर्शनाच्या रांगेनं.

आधी पाणी. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. हापशी दिसली म्हणून बाटली भरू नका, तोंडात धरवत नाही आणि पोटात गेलं तर कळ येते. घरासमोर बाई दिसली की सरळ विचारायचं, "माय, गोडं पाणी हाय का?" नळाचं, साठवलेलं पाणी कोणी नाही म्हणत नाही. पण नुसतं पाणीही ढोसत राहू नका. घामातून मीठ जातं, वरून साधंच पाणी ओतलं की डोकं गरगरतं, मळमळतं. ओआरएसच्या पुड्या खिशात ठेवा, नाहीतर लिंबू-मीठ-साखर.

निघायचं पहाटे ३ च्या सुमारास. माघात तेव्हा थंडी असते, कानाला रुमाल बांधा. जाणं पश्चिमेकडे, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर येतं, तोंडावर नाही. हाच फायदा दुपारी उलटतो, म्हणून १२ च्या आत शेगाव गाठलेलं बरं. गायगावला पेट्रोलचा डेपो आहे, अंधारात टँकरची ये-जा असते. बॅटरी हवीच, पण पाठीला काठीवर एक भगवी पताका बांधा. पळणाऱ्या माणसाला ड्रायव्हर हॉर्न मारतो, पताकेला गाडी दाबून बाजूनं नेतो. कुत्रीही जरा कमी धावतात, का ते मला विचारू नका.

पारसच्या वीजकेंद्राची चिमणी फार लांबून दिसते. दिसली की वाटतं आलंच. येत नाही. तिच्याकडे न बघता पळा, मी तर टोपी खाली ओढतो.

आता प्रसाद. प्रकटदिनाच्या हप्त्यात रस्त्याला मंडप असतात : चहा, पोहे, पुढे पिठलं-भाकरी. पळणारा दिसला की लोक हात धरूनच बसवतात. भरल्या पोटी पळणं होत नाही आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही. मी चिमूटभर घेतो, कपाळाला लावतो, तोंडात टाकतो, उरलेला कागदात बांधून पिशवीत. केळी मात्र सोडत नाही. नागझरीला गोमाजी महाराजांच्या देवळात तेवढं बसतो, तिथून पुढं अर्धं चालत, अर्धं पळत.

दिंडी पुढे दिसली तर पळणं बंद. टाळकऱ्यांच्या मधून घुसायचं नाही, कडेकडेनं चालत जायचं, "माउली" म्हणायचं, पताकेच्या बरंच पुढे गेल्यावर पुन्हा पाय उचलायचे. एकदा एका म्हातारबुवांनी थांबवलं, "काहून पयून रायला रे, महाराज कुठं पयून चालले का?" मी म्हटलं नाही बा, त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

औषधीवाला:
एक सांगतो. पाय दुखू नये म्हणून आधीच दुखण्याची गोळी घेऊन निघू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्यांचा ताण किडनीवर येतो. जांघेत आणि काखेत खोबरेल तेल लावा, कातडी सोलत नाही. मोजे नवेकोरे नको, चार वेळा धुतलेले घाला.

तुरीतला_पोट्टा:
धुऱ्यावरचे भाऊ, रांगेचं राह्यलं न सांगायचं.

धुऱ्यावरचा:
हो. पळून थांबलं की पायात गोळे येतात आणि तिथं तासन् तास उभं राहावं लागतं, गुरुवारी तर जास्तच. पोहोचल्याबरोबर रांगेत शिरू नका. अर्धा तास इकडेतिकडे चाला, पोटऱ्या ताणा, मीठ-साखरेचं पाणी प्या. तरी जमेना तर मुखदर्शन घ्या, त्यात कमीपणा नाही. हाफ पॅन्टवर आत जाऊ नका, पातळ पायजमा पिशवीत असू द्या. बूट घामानं चिंब असतात, प्लॅस्टिकच्या थैलीत घालून चपलांच्या स्टँडवर द्या. टोकन चेनच्या खिशातच ठेवा. परतीला स्टेशनवरून अकोल्याकडं गाडी मिळते. आणि कचोरी गाडीत बसल्यावर खा, आधी नाही.