'इग्निशन कॉइल'ला मराठीत काय म्हणायचं?

आयटीआयच्या मुलांसाठी पेट्रोल इंजिनवर मराठीत नोट्स काढतोय, इग्निशन कॉइलपाशी अडलोय. सोलेनॉइडला नालकुंतल म्हणतात त्या चालीवर 'प्रज्वलन कुंडल' कसं वाटतं?

--

कॉइलच ठेवा दादा, गॅरेजमध्ये कुंडल कोण म्हणणार. फक्त खाली लिहा की हे खरं तर छोटं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आहे, कारण नुसतं कॉइल म्हटलं की मुलांना एकच वेटोळं वाटतं आणि आत असतात दोन, एकाच लोखंडी गाभ्यावर, एक जाड तारेचं काहीशे वेढ्यांचं आणि दुसरं केसासारख्या तारेचं, साधारण शंभरपट वेढ्यांचं.

--

रोहित्र बरोबर आहे पण एक गोष्ट सुटते. महावितरणचं रोहित्र एसीवर चालतं, इथे बॅटरी १२ व्होल्ट डीसी, मग व्होल्टेज वाढतं कसं? तर जाड वेटोळ्यातला करंट झटकन तोडतात, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, त्या वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्ट उठतात आणि बारीक वेटोळ्यात वीस हजाराच्या वर, तेव्हा कुठे स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारते. मुलं हमखास लिहितात 'करंट दिला की ठिणगी पडते', हे खोडायलाच हवं, ठिणगी करंट तोडल्यावर पडते. जुन्या पद्मिनी-अँबेसेडरमध्ये हे तोडायचं काम पॉइंट (उघडझाप करणारे धातूचे संपर्क) करायचे, आता ट्रान्झिस्टर करतो.

--

सगळीकडे नाही हो. सीडीआयवाल्या (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) बाइकमध्ये उलटं आहे, तिथे कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टला आधीच भरून ठेवतात आणि तो एकदम कॉइलमध्ये रिकामा होतो, म्हणजे तिथे कॉइलमध्ये करंट सोडल्यावरच ठिणगी. नोट्समध्ये दोन्ही वेगळं लिहा.

आणि 'करंट' शब्दाचंही बघा, मेकॅनिक 'प्लगला करंट येत नाही' म्हणतो तेव्हा त्याला ठिणगी म्हणायचं असतं, प्लग काढून कॅपसकट इंजिनला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दिसली की म्हणतो करंट चांगलाय.

--

दुकानात काय मागायचं तेही लिहा ना! बाइकमध्ये मॅग्नेटजवळची वीज बनवणारी कॉइल वेगळी, ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल वेगळी आणि प्लगच्या वायरची वेगळी. नुसतं 'कॉइल द्या' म्हटलं तर काउंटरवरचा विचारणारच कुठली म्हणून. आपल्याला पाहिजे ती प्लगच्या वायरची, म्हणजे 'एचटी (हाय टेन्शन) कॉइल', हाच शब्द चालतो.