प्रतिसाद: आधी सरकीचं पाकीट, मग डिझायनर बेबी

जैवतंत्रज्ञानातले नैतिक प्रश्न वर्गात कसे शिकवावेत, यावरच्या लेखात ‘डिझायनर बेबीवर (जनुकं बदलून हवे ते गुण दिलेल्या बाळावर) वादविवाद घ्या, मुलं आपोआप विचार करतात’ असं सुचवलंय. शहरात चालत असेल. मी यवतमाळकडच्या खेड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. इथं तो तास पाठ केलेल्या भाषणांत संपला.

मग एकदा बीटी कपाशीचं जुनं पाकीट नेलं. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेली, बोंडअळीला मारणारी कपाशी. ४५० ग्रॅम बीटी सरकी, सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी. ‘ही घरी पेरतात का रे?’ सगळा वर्ग हसला. बांधावर फेकली जाते ती! (आमच्याही घरी तेच व्हायचं, हे मी बोललो नाही.)

पुडी कशासाठी, ते फळ्यावर मांडलं. बिगर-बीटी ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचा बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर होतो, आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. एकट्यानं पेरली तर त्याच्याच ओळी अळी खाणार. कोणीच नाही पेरली तर २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी साऱ्या गावाच्या बोंडात. एक पोरगी म्हणाली, ‘सर, कंपनीनं मिसळूनच का नाही दिलं?’ पुढे तशी पाकिटंही आलीच.

खरी जुंपली ती चोर बीटीवर. मान्यता नसलेलं, तणनाशक सोसणारं हे बियाणं जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे लावलं होतं. एकाचा बाप निंदणाच्या मजुरीनं टेकीला आलेला, म्हणून त्याला ते हवं. मागच्या बाकावरच्याची माय त्याच निंदणावर घर चालवते. दोघं त्या दिवशी डबा वेगवेगळे बसून जेवले.