पाळी गेल्यावर हार्मोन घ्यावेत का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, वय ५१, पाळी जाऊन चौदा महिने झाले. दिवसातून सात-आठ वेळा छातीतून वाफ वर चढते, कानशिलं तापतात आणि ब्लाउज पाठीला चिकटतो. दिवस कसाबसा निभावतो. रात्र नाही. दोनला, साडेतीनला, पाचला जाग येते. मी पंखा पाचवर करते, नवरा बिचारा गोधडीत कुडकुडतो.

डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेनची जेल (रोज दंडावर चोळायची) आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिली आहे. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होऊन तिथे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ही जोडगोळी. चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच आहे.

कारण माझ्या मावशीला ६३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. आणि आई सत्तरीत न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, पुन्हा काठीशिवाय चालली नाही. माझ्याही डेक्सात (हाडांची घनता मोजायची तपासणी) हाडं विरळ व्हायला लागल्याचं आलंय. मावशी आठवली की औषध नको वाटतं, आई आठवली की हवंसं वाटतं.

मोठ्या जाऊबाई म्हणतात, "अमेरिकेत बंद केलंय ते." शोधलं. २००२ साली तिथला १६,६०८ बायकांवरचा अभ्यास मध्येच थांबवला होता, हे खरं. दोन्ही हार्मोन घेणाऱ्या १०,००० जणींमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ केसेस जास्त निघाल्या. खुब्याची फ्रॅक्चर्स ५ कमी. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि गोळीतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं. (हे जाऊबाईंना सांगितलेलं नाही, सोवळं मोडेल.) डॉक्टरीणबाई म्हणतात, साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत आणि त्रास एवढा असताना फायद्याचं पारडं जड. जेल कातडीतून रक्तात जाते, गोळीसारखी आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे रक्ताच्या गुठळीची भीतीही कमी.

१०,००० मागे ८ हा आकडा डोक्याला पटतो. रात्री तीनला त्या आठांत मीच दिसते.

घरात कॅन्सर असूनही कुणी घेतलंय का? किती वर्षं? बंद केल्यावर वाफा परत आल्या का?

प्रतिसाद १: मी साडेतीन वर्षं जेल लावतेय. पंधरा दिवसांत झोप लागायला लागली. सुरुवातीला छाती दुखायची, डोस कमी केल्यावर थांबलं. दर वर्षी मॅमोग्राफी चुकवत नाही. मध्यंतरी स्वतःच्या मनाने बंद केलं तर महिन्याभरात वाफा हजर.

प्रतिसाद २: ताई, मावशी एकटीच का आजोळी आणखी कुणी? एकीला, तेही साठीनंतर झालेला कॅन्सर आणि दोघी-तिघींना पन्नाशीच्या आत झालेला, यात फार फरक आहे. माझ्या आईला आणि बहिणीला झाल्यामुळे मला डॉक्टरांनी हार्मोन दिलेच नाहीत, वाफांसाठी दुसरी गोळी दिली.

धागाकर्ती: हे विचारायचं सुचलंच नव्हतं. आत्ताच मावशीला फोन केला. म्हणाली, तिची चुलत नाही, सख्खी आत्याही याच दुखण्याने गेली, पण तेव्हा घरात कुणी नाव घेत नसे. वय कुणालाच नक्की माहीत नाही. सोमवारी मॅमोग्राफी आहे, तेव्हा हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालते. चिठ्ठी तोवर पर्समध्येच.