मेडली रिलेत सगळ्यात फास्ट मुलगी कुठे घालू? तातडीने सांगा

उद्या सकाळी नावं द्यायची आहेत. चौघींतली एक बाकीच्यांपेक्षा खूपच फास्ट आहे. तिला पहिली घालू की शेवटी? कोच फोन उचलत नाहीयेत. लांबलचक नको.

सोनेरी_स्पाइक्स: सरळ शेवटी. १००-२००-३००-४०० असतं, ४०० ला दमाचीच लागते. आणि बॅटन पडली तर जिच्या हातून पडली तिनेच उचलायची, हे मुलींकडून घोकून घ्या.

लेन_चार: अहो थांबा. ताई, पाण्यातली की ट्रॅकवरची?

धागाकर्ती: पोहण्याचीच! बॅटन कुठून आली?

सोनेरी_स्पाइक्स: तुम्ही लिहिलंत कुठे?

लेन_चार: मग क्रम ठरलेलाच आहे. एकेकीचा एक स्ट्रोक: बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्री. टायमिंग टाका.

धागाकर्ती: बटरफ्लाय आधी ना? सरावात तसंच घेतलंय.

लेन_चार: ते एकटीच्या मेडलीत. रिलेत बॅकवाली पाण्यातूनच सुटते. तिला मध्ये घातली तर ती भिंतीला लटकलेली आणि येणारी नेमकी तिथेच हात लावणार.

ओला_टॉवेल: फास्ट शेवटीच हवी. पॅरिसला २०२४ मध्ये पान झानलेने शेवटचे १०० मीटर ४५.९२ मध्ये मारले आणि चीनने अमेरिकेच्या पुरुषांना हरवलं. १९६० पासून ते उतरले तेव्हा जिंकलेच होते.

लेन_चार: त्याच्याआधी बॅकला शू जियायू आणि ब्रेस्टला चिन हाययांग होते, ते विसरलात.

धागाकर्ती: इतिहास नंतर! फास्टवाली: फ्री १:०२, ब्रेस्ट १:२१. तिच्या खालोखाल फ्रीला एकीचे १:०५, ब्रेस्टला दुसरीचे १:२९.

लेन_चार: मग ब्रेस्टला. तिथे ८ सेकंद मिळतात, फ्रीला ३ च.

स्टॉपवॉच: असं एकेक बघून चालत नाही. चौघींच्या २४ जोडण्या होतात, सगळ्यांची बेरीज करा.

धागाकर्ती: बेरजा कोण करणार आता? १:०५ वाली बॅकला लागतेय, दुसऱ्या कुणाला बॅक येतच नाही. बटरफ्लायवालीही ठरलेली. मग फ्रीला १:२९ वाली उरते, तिला फक्त ब्रेस्ट येतं. फ्रीस्टाइल म्हणजे कुठलाही स्ट्रोक ना?

लेन_चार: मेडलीत नाही! आधीचे तिन्ही सोडून. ब्रेस्ट मारलं तर टीम बाद. हे आधी सांगायचं ना! १:२९ वाली ब्रेस्टलाच, फास्टवाली फ्रीला.

ओला_टॉवेल: म्हणजे शेवटीच.

लेन_चार: कारण वेगळं आहे हो. ताई, बटरफ्लायवालीचे हात भिंतीला लागायच्या आत फास्टवालीचे पाय ब्लॉकवरून सुटले तरी बाद. आज तेवढं घोटून घ्या.

धागाकर्ती: आज पूल बंद आहे.