तालुक्याला औषध तपासायची सोय हवी की नको?

देवगडकर: काल इथे एकाने लिहिलं, "कागदाच्या पट्टीवर गोळ्या तपासणं आफ्रिकेतल्या गरीब देशांसाठी. आपल्याकडे सरकारी प्रयोगशाळा आहेत, लोकांना उगाच घाबरवू नका." वाचून डोकंच फिरलं. १९८६ साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या पोरांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल, ४८.६ टक्के! प्रयोगशाळा तेव्हाही होत्याच. नमुना जिल्ह्याबाहेर जाऊन अहवाल येईपर्यंत अख्खी बॅच लोकांच्या पोटात गेलेली असते. आणि कागदाची पट्टीच कशाला? मिनीलॅब ही पेटीत मावणारी छोटी प्रयोगशाळा असते: त्यात गोळी कुटायची, द्रावकात विरघळवायची, थेंब प्लेटवर ठेवायचा आणि दिव्याखाली ठिपका अस्सल औषधाच्या ठिपक्याशी ताडायचा. ग्रामीण रुग्णालयातला तंत्रज्ञ हे सहज शिकेल.

औषधवाला चिपळूण: ठिपका दिसला म्हणजे औषध बरं? गोळी पोटात विरघळते का, ते त्यात कळत नाही. थोडं कमी भरलेलं औषधही सुटून जातं. आणि एक ठिपका फिका आला की बाजारपेठेत माझ्या दुकानाचं नाव खराब. गोळी मी बनवत नाही, विकतो.

सावंतवाडीची सून: विकता ती ठेवता कशी, ते सांगा! सासऱ्यांची ॲस्पिरिनची बाटली श्रावणात उघडली तर आंबूस वास, थेट व्हिनेगरसारखा. दमटपणाने गोळी फुटून ॲसिटिक ॲसिड सुटतं. आमच्याकडच्या एका दुकानात आइस्क्रीमच्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे, इन्सुलिनच्या फ्रीजला नाही.

औषधवाला चिपळूण: बाटली तुमच्या घरात किती दिवस उघडी होती? खापर मात्र आमच्यावर! २०२१च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा गुडघाभर चिखलातून खोकी उपसली आम्ही. लेबलं सुटलेली, बॅच नंबर वाचता येईना. सगळा माल टाकला. विमावाल्याने महिनोन्‌महिने खेटे घालायला लावले. इन्व्हर्टरचं बिल कोण भरणार, तुम्ही?

वेंगुर्लेकर: माका ह्यां पटणां नाय. तौक्ते वादळ इला तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती. तेव्हाचं इन्सुलिन कुणी टाकलं आणि कुणी विकलं? माझ्या आईची साखर त्याच महिन्यात आटोक्याबाहेर गेली. मला कोणी अहवाल दाखवू नका.

देवगडकर: तुमच्या आईचं वाईट वाटतं, पण साखर वाढायला दहा कारणं असतात. आणि इन्सुलिन मिनीलॅबमध्ये तपासता येत नाही. विजेचा धागा वेगळा काढा, मी तिथेही भांडेन.

सावंतवाडीची सून: वेगळा कशाला? फ्रीज बंद पडला की औषध बिघडतं, विषय एकच!

निवृत्त परिचारिका, रत्नागिरी: जरा दमाने घ्या. पातळ औषधातल्या या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतच दोन टप्प्यांची आहे: आधी प्लेटवर स्वस्तात चाळायचं, संशय आला तरच गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची पक्की तपासणी. आणि १९४०च्या औषध कायद्याचं कलम २६ वाचा. विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला कुणीही देऊ शकतं. वॉर्डात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. एकाच खोक्यातल्या सलाइनने लागोपाठ रुग्णांना थंडी वाजली, तेव्हा आम्ही खोकं बाजूला ठेवलं आणि गप्प बसलो.

औषधवाला चिपळूण: चाळणी म्हणून ठेवा, हरकत नाही. पण पक्का अहवाल येईपर्यंत दुकानाचं नाव बाहेर फुटता कामा नये.

देवगडकर: नाव नका फोडू. पण तोवर त्या बॅचची विक्री थांबली पाहिजे.

औषधवाला चिपळूण: थांबवतो. अडकलेल्या मालाचे पैसे कंपनीने द्यावेत, हेही मागणीत लिहा.

सावंतवाडीची सून: आणि फ्रीजचं?